वरच्या मजल्यावरचा ठोका

परवा हळदीकुंकवाला आलेल्या एका मैत्रिणीनं वाटीत तीळगूळ घेता घेता वर बघितलं आणि विचारलं, "काय हो, तुमच्याकडे वर काही सुतारकाम चाललंय का?" मी म्हटलं, "नाही हो. आमच्या चिरंजीवांचा बँड आहे तो." ती बिचारी एकदम हळहळली. "अगं बाई! इंजिनिअर ना गं तो?"

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी हा ठोका ऐकू येतो, मला ठाऊक नाही. पण आमच्या चिंचवडला, निगडीला, भोसरीला आताशा पुष्कळ घरांतून तो ऐकू येतो. आपल्या पिढीला बँड म्हटलं की लग्नाच्या वरातीतला, लाल कोट घातलेला बँडच आठवतो. या मुलांचा बँड वेगळा. चार-पाचजण जमतात, स्वतःच शब्द लिहितात, स्वतःच चाल लावतात, स्वतःच वाजवतात. सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही, कोणी शेठ नाही. त्याला ही मुलं 'इंडिपेंडंट' म्हणतात, म्हणजे स्वतंत्र. आपण चौघीजणी मिळून पापड-कुरडयांचा घरगुती उद्योग काढतो ना, तसंच समजा. माल आपला, मेहनत आपली, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंतची धाकधूकही आपलीच!

आज हे लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी जेवताना आमचा मुलगा म्हणाला, "आई, मी चाकणची नोकरी सोडावी म्हणतो. बँड नीट करायचाय." माझ्या हातातली वाढायची पळी तशीच राहिली. ह्यांनी मान वर केली नाही. भात कालवला, संपवला, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आमच्या घरातली पेटी

ते का उठून गेले, हे कळायला तुम्हाला आमच्या घरची थोडी हकीगत सांगायला हवी.

आमचा भाग कारखान्यांचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि मग टेल्को, बजाज अशी मोठमोठी नावं इथं आली. त्यांच्यामागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आले. १९८२ साली महानगरपालिका झाली. जागा पुरेना, तसे कारखाने चाकणकडे सरकले. बजाजनं १९९९ साली तिथं कारखाना काढला, २००९ साली फोक्सवॅगनचा आला. आज तिथं पाळी सुटायच्या वेळेला रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं.

पण याच भागाच्या एका अंगाला देहू आहे, दुसऱ्या अंगाला आळंदी. मधून इंद्रायणी वाहते. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्काम करते. त्यामुळे इथला कामगार दिवसा मशीनवर आणि संध्याकाळी भजनात, अशी जुनी रीत. आमचे हेही त्यातलेच. भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करायचे आणि गुरुवारी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. हात गोड होता. लग्नानंतर मला पहिल्यांदा ह्यांचं काही आवडलं असेल, तर ती पेटी!

१९९८ साली प्रेसवर ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली. तर्जनी आणि मधलं, दोन्हींची पेरं गेली. दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, तशी त्या मशीनला नव्हती. ईएसआयच्या दवाखान्यात महिना काढला, भरपाई मिळाली, दुसऱ्या कामावर घेतलं. सगळं रीतसर झालं. पण पेटी जी कपाटावर गेली, ती पुन्हा खाली आली नाही. मंडळाची माणसं दोन-चारदा बोलवायला आली. हे म्हणाले, "आता दुसरा बघा." आणि तेव्हापासून परक्या माणसासमोर उजवा हात खिशात घालायची सवय लागली, ती अजून आहे.

आता कळलं ना, ते गॅलरीत का गेले? वाजवणं आणि नोकरी हे दोन शब्द आमच्या घरात एकत्र उच्चारले जात नसत.

'रॉक मशीन' नावाची मुलं

मी ठरवलं, नुसतं रडून-रागावून भागायचं नाही. आपल्याला जे माहीत नाही ते आधी माहीत करून घ्यायचं. स्वयंपाकात नाही का आपण, नवा पदार्थ बिघडला तर आधी कृती पुन्हा वाचतो! मुलाला म्हटलं, "आपल्याकडे कुणी हे करून दाखवलंय का? मला त्यांची गोष्ट सांग. पुढचं मग बोलू."

त्यानं मला मुंबईच्या एका बँडची गोष्ट सांगितली. मग मीही शोधून वाचली. तुम्हालाही ऐकण्यासारखी आहे.

१९८४ साली मुंबईच्या काही तरुण मुलांनी एक बँड काढला. नाव ठेवलं 'रॉक मशीन'. (हे ऐकून गॅलरीतून आवाज आला, "मशीन? कुठलं मशीन?" म्हणजे ऐकत होते तर!) वाजवणारे अधूनमधून बदलत गेले, पण पुढे ज्यांनी नाव मिळवलं त्यांत गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बास गिटारवर मार्क सेल्विन आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही मंडळी होती. आपल्याकडे तेव्हा इंग्रजी गाण्यांचे बँड होते, नाही असं नाही. पण त्यांतले बहुतेक विलायती गाणी जशीच्या तशी म्हणायचे. लोकही तेच मागायचे. सासूबाईंची आमटी जशी असेल तशीच सुनेनं करावी, एक मिरी इकडची तिकडे होऊ नये, अशातला प्रकार.

या मुलांनीही सुरुवात तशीच केली. नक्कल करून करूनच हात बसतो, त्यात कमीपणा नाही. पण मग त्यांनी हट्ट धरला की आता आपली गाणी म्हणायची. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. ऐकायला आलेल्या माणसाला ओळखीचं हवं असतं. त्याच सुमाराला, १९८६ पासून, मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा जलसा सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, अशा बँडना ऐकायला कॉलेजची मुलं गर्दी करायची. (पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले असे कार्यक्रम बंद झाले.) तिथं हळूहळू लोकांना आपल्या मुलांच्या गाण्यांची चटक लागली.

१९८८ साली त्यांची 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही कॅसेट आली, १९९० साली 'द सेकंड कमिंग'. सगळी गाणी त्यांची स्वतःची. आवाज मात्र अजून विलायतीच होता, चढा, जोरकस. माझ्या मुलानं मला दोन्हींतलं थोडं थोडं ऐकवलं. खरं सांगते, पहिल्या दिवशी माझं डोकं दुखलं. पण तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकल्यावर एक गंमत कळली. हा सगळा गोंगाट नसतो. त्यात ड्रम म्हणजे आपल्या ढोलकीच्या जागी. जाड तारांचं बास गिटार असतं, ते पखवाजाच्या डाव्या अंगासारखं खालून धरून ठेवतं. ते वेगळं ऐकू येत नाही, पण काढून टाकलं तर गाणं पोकळ होतं, अगदी आमटीतल्या मिठासारखं. एकदा हे वेगवेगळं ऐकायला शिकलं, की गोंगाटाची गाठ सुटते.

नाव बदललं, कारण माणसं बदलली

आता गोष्टीतला माझ्या आवडीचा भाग येतो.

१९९३ साली या बँडनं स्वतःचं नाव बदललं. नऊ वर्षं कमावलेलं नाव! आपण साधं दुकानाचं नाव बदलायचं तरी चारदा विचार करतो. पण त्यांना वाटलं, आपण आता पूर्वीचे राहिलो नाही, आपलं वाजवणं बदललंय, आणि 'रॉक मशीन' हे नाव आपल्याला एकाच कप्प्यात बसवतंय. नवं नाव ठेवलं 'इंडस क्रीड'. इंडस म्हणजे सिंधू नदी. नावात पहिल्यांदा आपली माती आली. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रीटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचं आशियातल्या प्रेक्षकपसंतीचं पारितोषिक मिळालं. नुकतंच घरोघर केबल येत होतं ते दिवस. आपल्या मुंबईची मुलं परदेशी वाहिनीवर दिसली, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. १९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाचा संच निघाला.

इथं सिनेमात 'समाप्त' अशी पाटी आली असती. पण संसार आणि संगीत पारितोषिकावर थांबत नाहीत. दोनच वर्षांनी, १९९७ साली, बँड बंद झाला. हिंदी सिनेमाच्या आणि हिंदी पॉपच्या गर्दीत इंग्रजी रॉकवर पोट भरणं कठीण होतं. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथं त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचा दुसरा बँड काढला, त्यातलं संगीत भारतीय सुरावटीकडे झुकलेलं होतं. बघा हं, मुंबईत असताना विलायती वाजवत होते आणि विलायतेत गेल्यावर आपल्या सुरांची ओढ लागली! सासरी गेल्यावरच माहेरच्या चटणीची चव आठवते, तसं हे.

आणि मग २०१० साली ही मंडळी पुन्हा एकत्र आली. केस पिकलेले, संसार झालेले. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने, आणि बासवर रुशाद मिस्त्री, ड्रमवर जय राव कवी हे तरुण. २०१२ साली नवा संच काढला, त्याचं नाव 'इव्हॉल्व्ह', म्हणजे वाढत जाणं, हळूहळू बदलत जाणं. आधीच्या संचानंतर सतरा वर्षांनी! त्यातला आवाज पहिल्या कॅसेटपेक्षा पार वेगळा आहे, सावकाश उलगडणारा, विचार करून बोलणाऱ्या माणसासारखा.

हे सगळं ऐकून मी मुलाला एकच विचारलं. "म्हणजे मधली तेरा वर्षं या लोकांनी काय खाल्लं?" तो हसला. म्हणाला, "आई, तेच तर. प्रत्येकानं दुसरं काहीतरी केलंच." मी म्हटलं, "मग हे आधी लक्षात ठेव, आणि सतरा वर्षांनी परत येता येतं हेही लक्षात ठेव."

बर्मिंगहॅमचा कामगार मुलगा

दुसरी गोष्ट मुलानं मला सांगितलीच नाही. ती मला वाचताना सापडली, आणि वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

इंग्लंडात बर्मिंगहॅम म्हणून शहर आहे. थेट आपल्या पिंपरी-चिंचवडसारखं. मोटारी, सुटे भाग, पत्र्याचे कारखाने. तिथं टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि गिटार वाजवायचा. १९६५ सालची गोष्ट. त्याला एका बँडबरोबर परदेशी जायची संधी आली, म्हणून नोकरी सोडली. कामाचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला आणि आईला म्हणाला, "आता परत जात नाही." आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. गेला. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर.

मैत्रिणींनो, मला त्या मुलाआधी त्याची आई दिसली. काय चुकलं तिचं? हाती घेतलेलं काम पुरं करावं, असं तुम्हीआम्ही सगळ्याच सांगतो. मीही तेच सांगत होते.

पुढची हकीगत अशी. कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठानं त्याला एक तबकडी आणून ऐकवली, जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवादकाची. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाल्यावर उरलेल्या बोटांवर तो असं वाजवायचा की लोक थक्क व्हायचे. मुलानं मनावर घेतलं. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची रिकामी बाटली वितळवली, तिचे बोटांच्या मापाचे अंगुस्ताने केले, शिवताना आपण बोटात घालतो तसे, आणि वर चामड्याचा तुकडा चिकटवला. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरच खाली उतरवला, म्हणजे बोटांना ताण कमी. आणि त्यातूनच असा खोल, जड आवाज निघाला की तोवर कुणी ऐकला नव्हता.

१९६८ साली त्यानं तीन मित्रांबरोबर बँड काढला. नाव एक-दोनदा बदललं आणि मग 'ब्लॅक सॅबथ' ठरलं. त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न, त्याची आई मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला होती, आणि तोही काही दिवस तिथं मोटारींचे हॉर्न तपासायच्या कामावर होता. पहिला संच त्यांनी १९६९ साली एका दिवसात ध्वनिमुद्रित केला, १९७० साली तो निघाला. ज्या संगीताला आज 'हेवी मेटल' म्हणतात, त्याचा उगम या बँडपासून धरतात. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, ज्या वस्तीत वाढले तिथल्याच मैदानावर, चौघांनी शेवटचा कार्यक्रम केला. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझी वारला.

ही गोष्ट मी ह्यांना सांगितली. रात्री, दिवा घालवल्यावर, अंधारात. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "टोप्या कशाच्या केल्या म्हणालीस?"

"प्लॅस्टिकच्या बाटलीच्या. वितळवून."

"हं." थोड्या वेळानं म्हणाले, "कामगारच तो. दुसऱ्याला सुचलं नसतं."

ठरलं ते असं

पुढच्या रविवारी तिघं बसलो. मी वही-पेन्सिल घेतली. आधी जमाखर्च. गेल्या वर्षात मुलांचे चार कार्यक्रम झाले होते आणि मिळालेले पैसे टेम्पो, भाडं आणि वडापाव यांत संपले होते. मुलगा खोटं बोलला नाही, हे मला बरं वाटलं.

मग ठरलं ते असं. एक वर्ष नोकरी सोडायची नाही. त्या वर्षात आठ गाणी पुरी करायची, स्वतःची, अर्धवट नाहीत. आम्ही दोघांनी वर्षभर टोमणा मारायचा नाही. (हे सर्वांत कठीण, आणि ते माझ्या वाट्याला आलं!) वर्ष झाल्यावर पुन्हा वही घेऊन बसायचं. तेव्हा नोकरी सोडायची तर सोडील. सव्वीस वर्षांच्या माणसाला आपण बांधून ठेवू शकत नाही, पण एक वर्ष थांब म्हणण्याइतका हक्क आईला आहे, असं मला वाटतं.

आता तुमच्या घरीही असा ठोका वाजत असेल, मुलाचा असो की मुलीचा, तर आम्हाला ठेचा लागून जे कळलं ते सांगून ठेवते.

*शेजारधर्म.* रात्री दहा ते सकाळी सहा हा कायद्यानं शांततेचा वेळ. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ड्रम याच्या कितीतरी वर जातो, म्हणून दिवसाही शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घ्यावी. भिंतींना जुन्या गोधड्या-सतरंज्या टांगल्या तर खोलीतला घुमारा कमी होतो. पण ठोका जमिनीतून खाली उतरतो, त्याला गोधडीचा उपाय नाही. ड्रमखाली जाड रबरी चटई घाला. आणि जमलं तर तळमजल्यावरची जागा किंवा एखादा रिकामा गाळा भाड्यानं बघा.

*कान.* ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत सोसावा असं तज्ज्ञ सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं! कारखान्यात मिळतात तसली कानातली बुचं मुलांना घालायला लावा. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

*वीज.* गिटार आणि माइक दोन्ही विजेवर. १९७२ साली इंग्लंडजवळ वेल्समध्ये एक गिटारवादक, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच गेला. तीन पिनांची पिन तोडून दोनच्या खाचेत घालू देऊ नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवा.

*पैसा आणि मैत्री.* कुठलं वाद्य कुणाच्या पैशानं आलं, गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे पहिल्या दिवशीच वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं रचणाऱ्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं राखलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी कुणाला लिहून घेता येत नाही. छापील करारावर मुलांनी वाचल्याशिवाय सही करू नये, एवढं तरी बजावा.

*भूक.* पाच मुलं वाजवून उठली की घरातला सगळा चिवडा संपतो. यावर उपाय नाही!

आणि परवाच्या रविवारी

वर्षातले सहा महिने झाले. गाणी झालीत तीन. पहिली दोन मला विशेष वाटली नाहीत, इंग्रजीच होती, इतर कुणाचीतरी वाटतील अशी. मुलांचंही तेच मत पडलं असावं. तिसरं मराठीत आहे. सकाळच्या पाळीला अंधारात कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या मुलाचं. मी मुलाला म्हटलं, "हे तुझं आहे." आपल्या पुण्याच्या 'अग्नी'ची हिंदी गाणी ही मुलं ऐकतात, गिटार आणि ड्रमवर अभंग म्हणणाऱ्या 'अभंग रिपोस्ट'ची गाणी ऐकतात. २०१० पासून पुण्यात सुरू झालेल्या 'एनएच सेव्हन वीकेंडर'मध्ये असे कितीतरी बँड त्यांनी जाऊन ऐकलेत. आपल्या भाषेत जड आवाज बसतो, हे त्यांना त्यातूनच उमगलं असावं.

तर परवा मी वर चहा घेऊन गेले. मागून जिन्यात पावलं वाजली. हे आले होते. पहिल्यांदाच. दारात उभे राहिले, उजवा हात खिशात.

मुलं तिसरंच गाणं वाजवत होती. गाण्याच्या मध्यावर शब्द थांबतात आणि नुसता ठोका येतो, प्रेस शॉपचा. संपल्यावर सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ड्रमवाला मुलगा भीतभीत म्हणाला, "काका, जास्त मोठं झालं का?"

"मोठं नाही," हे म्हणाले. "चूक झालं. प्रेस असा वाजत नाही."

कुणी काही बोलेना. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, आता हे जिना उतरणार.

"आधी क्लच धरतो, त्याचा बारीक आवाज. मग ठोका. आणि ठोक्यानंतर हवा सुटते, ती तुम्ही विसरलात. ती सुटेपर्यंत माणूस श्वास धरून असतो." एवढं बोलून ते पुढे आले, खिशातला हात काढला आणि चहाच्या ट्रेवर त्या अपुऱ्या बोटांनी वाजवून दाखवलं. क्लच, ठोका, हवा. क्लच, ठोका, हवा. एका लयीत, चौदा-पंधरा वेळा.

ड्रमवाल्यानं ते उचललं. मग बास आलं. माझ्या मुलानं गिटार हातात घेतलं, पण वाजवेना, वडिलांच्या हाताकडेच बघत राहिला.

चहा गार झाला तो झालाच. मी खाली येऊन पुन्हा आधण ठेवलं. वर्ष संपल्यावर मुलगा नोकरी सोडील की ठेवील, मला आज सांगता येत नाही. त्यांचं गाणं चालेल की नाही, तेही नाही. पण मैत्रिणींनो, त्या तिसऱ्या गाण्यातला ठोका आता बदललाय, आणि तो कुणी बदलला हे मला ठाऊक आहे. पुन्हा कुणी हळदीकुंकवाला आलं आणि वर बघून विचारलं, तर मी सुतारकामावर हसणार नाही. म्हणेन, "बसा जरा. नीट ऐका. आमच्याकडची दोन माणसं बोलतायत."